चूल विझवणारी वाईन

९ फेब्रुवारीची गोष्ट. वाळलेल्या मिरच्यांच्या तीन पोत्यांचे देठ खुडायचे बाकी होते आणि मधेच ती बाटली आली.

माझी मुलगी पोर्तुगालमध्ये एका कुटुंबाच्या द्राक्षमळ्यावर काम करते. त्या घरात माणसं बरीच, पण शब्द चालतो म्हाताऱ्या मालकिणीचा. मुलीचं काम आणखी एक वर्ष ठेवायचं की नाही, हे तीच ठरवणार होती. तिने सुट्टीवर येणाऱ्या एकाबरोबर घरच्या मळ्याची पांढरी वाईन माझ्यासाठी पाठवली, आणि कशी लागली ते कळवा म्हणाली.

"आई, खोटं कळवू नकोस," मुलगी फोनवर म्हणाली. "मागे इथे कामाला असलेल्या एकीच्या घरच्यांनी न चाखताच 'फार गोड आहे' असं कळवलं. ही गोड नसतेच. म्हातारीने तिला घरी पाठवलं."

म्हणजे चाखणं आलं. अडचण सासूबाईंची. त्यांच्या गळ्यात तुळशीची कंठी, दारू वर्ज्य. खोकल्याचं औषधही त्या आधी वास घेऊन बघतात. म्हणून बाटली घरात न नेता अंगणातच ठेवली, आणि थंड राहावी म्हणून ओल्या गोणपाटात गुंडाळली. बूच स्क्रूड्रायव्हरने अर्धं निघालं, उरलेलं आत ढकललं.

मी आयुष्यात दारू चाखलेली नव्हती, मला काय कळणार? देठ खुडायला धडगावकडची एक बाई येते, तिच्या घरी मोहाची दारू निघते. पेला तिच्या हातात दिला.

तिने आधी चार थेंब जमिनीवर सांडले, देवाचे आणि पूर्वजांचे. मग चाखण्याऐवजी उरलेला पेला चहाच्या चुलीत ओतला. मोहाची पहिली धार विस्तवावर टाकली की भक्कन पेटते. तिच्याकडे पारख अशीच करतात. इथे फुस्स झालं, धूर निघाला आणि चूल विझली. चहा कच्चाच राहिला.

"हाई दारू नही शे, ताई," ती म्हणाली. "त्या म्हातारीले कोणीतरी फसाडं. कामवाला पाणी टाकतस. तिले सांगा."

सासूबाई ओट्यावरून सगळं बघत होत्या. मी बोलणी खायच्या तयारीत उभी राहिले.

"पेटनी नही?" त्यांनी विचारलं.

"नही ना, आजी. चूलच इझी गयी."

"मंग दारू कशी? आन इकडे."

घरातले नियम त्यांनीच केलेले, तेव्हा निकालही त्यांचाच. त्यांनी पितळी वाटी घेतली, वांग्याच्या भरिताचा घास घेतला, वर एक घोट. पुन्हा घास, पुन्हा घोट. मग वाटी पुढे केली.

"पन्हामा गूळ टाकाले इसरी गयात," त्या म्हणाल्या. "पन तिखटवर बरं शे."

मीही घेतला एक घोट. कच्ची कैरी, लिंबाची साल, आणि मागाहून जीभ अगदी कोरडी. मिरचीच्या खकाण्याने महिनाभर धरलेला घसा मोकळा झाला, हे मान्य करायला हवं.

मी मुलीला फोन करून जसंच्या तसं सांगितलं: गूळ विसरल्याचं, चूल विझल्याचं, आणि कामवाले पाणी घालतात ही तक्रारसुद्धा. तिने विचारलं, "हे सगळं सांगू?"

"खरं सांग म्हणाली होतीस ना."

संध्याकाळी तिचा फोन आला. म्हातारीने चुलीची गोष्ट दोनदा सांगायला लावली, तळघरात वाईनचं काम बघणाऱ्या आपल्या दोन्ही मुलांना बोलावून पाण्याबद्दल झाडलं आणि मग कागदावर सही केली. एक वर्ष. वर निरोप होता, ज्या तिखटावर ही बरी लागते ते तिखट पाठवा, आम्हीही पारखून बघतो.

उरलेली बाटली तोवर सासूबाईंनी घरात, तुपाच्या बरणीशेजारी नेऊन ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक किलो मिरची निवडून बांधली. पुडक्यात मुलीसाठी चिठ्ठी ठेवली: म्हातारीला आधी सांग, ही विस्तवावर टाकून पारखायची नसते.