खिशाची पिशवी

आमच्या आईच्या तावडीतून जुनी वस्तू सुटत नाही. तेलाच्या डब्यात तिची तुळस वाढते, मोडक्या छत्रीच्या काळ्या कापडाची तिची मासळीची पिशवी आहे, आणि फाटलेल्या परकरांची वेणी घालून, गोल शिवून केलेली पायपुसणी भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत दारोदार पडलेली असतात. लहानपणी बाबांच्या जुन्या पँटचा पाय कापून तिनं दळणाची पिशवी शिवली होती. ती खांद्यावर टाकून गिरणीत जायची पाळी माझ्यावर यायची, आणि वर्गातली एखादी मुलगी समोरून आली की मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटायचं. माझ्या धाकट्या भावाला मात्र लाज नावाचा प्रकारच नव्हता. तो त्या पिशवीला "बाबांचा पाय" म्हणायचा आणि ती मिरवत न्यायचा.

पुढे तो औषधांच्या एका कंपनीत विक्रीच्या कामाला लागला. दिवसभर दवाखान्यांच्या पायऱ्या चढायच्या, म्हणून रोज कडक इस्त्रीचा शर्ट. शर्टांचं त्याला वेडच होतं. आई कपाट आवरताना एखाद्या शर्टाची विरलेली कॉलर चाचपून बघू लागली की तो पलंगावरून ओरडायचा, "आई, हात लावू नकोस हां. अजून मी आहे आत." आम्ही तिघंही हसायचो.

गेल्या वर्षी एका सकाळी तो निघता निघता छातीत दुखतंय म्हणाला. चाळीतल्या पोरांनी टॅक्सी आणली. हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर, पण तिथं पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. लग्न व्हायचं होतं त्याचं. बाबा तर आधीच गेलेले. घरात आई एकटी राहिली.

तेराव्यानंतर कपड्यांचा प्रश्न आला. गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत, कुणाला तरी देऊन टाका, असं आल्यागेल्यानं सांगितलं. चांगले शर्ट होते, काही तर घडीसुद्धा न मोडलेले. मी म्हटलं, एखाद्या आश्रमात देते. आई म्हणाली, "नको. उद्या त्याचा शर्ट घालून कोणी रस्त्यात दिसला तर मी काय करू?" 

काही दिवसांनी मी दादरच्या माझ्या घरून तिला भेटायला गेले, तर मशीन चालू होतं. तिनं शर्ट काखेखाली आडवे कापले होते. बटणं लावलेलीच ठेवून खालून शिवण मारली होती आणि बाह्यांच्या पट्ट्यांचे बंद केले होते. छातीवरचा खिसा उसवून थोडा खाली, बाहेरच्या बाजूनं पुन्हा बसवला होता. "सुटे पैसे ठेवायला," ती म्हणाली. मी दारातच उभी राहून रडले. तिनं पायडल थांबवलं नाही.

त्या पिशव्या तिनं चाळभर वाटल्या. बायकांनी दोन्ही हातांनी घेतल्या, डोळ्यांना पदर लावला. माझ्या वाट्याला फिकट निळी आली. तिच्या खिशाच्या कोपऱ्यात पेन गळल्याचा शाईचा डाग होता. मी ती घरी नेली आणि कपाटात प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवली, कारण तिला अजून त्याचा वास येत होता. घामाचा, पावडरीचा आणि जरासा सिगरेटचा, जो तो आईपासून लपवायचा.

मग आईचा एक नवीन उद्योग सुरू झाला. संध्याकाळी बायका बाजाराला निघायच्या वेळी ती गॅलरीत जाऊन बसायची. मला फोनवर विचारायची, "परळच्या बाजारात दिसली का गं कोणाच्या हातात?" दिसत नव्हती. कुणाच्याच हातात नव्हती. साड्यांच्या दुकानाच्या पिशव्या, नायलॉनच्या पिशव्या, बंदी असलेल्या प्लास्टिकच्यासुद्धा, पण माझ्या भावाची एकही नाही. समोरच्या मालवणी काकी तेवढ्या खऱ्या निघाल्या. त्यांनी पिशवी घडी घालून परत आणली आणि आईचा हात धरून म्हणाल्या, "रागावू नको गो. घरात ठेवूक भय वाटता माका. नातू आसा." आईनं त्यांना चहा केला.

माझा स्वभाव आईसारखा नाही. मला राग पटकन येतो आणि उतरत नाही. एकदा तिच्याकडे जाताना देवळामागच्या पिंपळाखाली माझी नजर गेली. घरातल्या देवांच्या तडकलेल्या तसबिरी लोक तिथं आणून ठेवतात. फेकवत नाहीत आणि ठेवून घ्यायच्याही नसतात. त्या तसबिरींमध्ये बुंध्याला टेकून त्याचा चौकड्यांचा शर्ट उभा होता. पिशवीच, पण मला आधी शर्टच दिसला. आत एक फुटकी लक्ष्मी ठेवलेली होती.

मी ती तसबीर बाहेर काढून ठेवली आणि पिशवी घेऊन तरातरा जिना चढले. कुणी टाकली ते शोधून काढते, आज सगळ्या गॅलरीसमोर बोलते, घेताना सगळ्या डोळे पुसत होत्या, असं मी ताडताड बोलत सुटले. आईनं पिशवी मांडीवर घेतली, खिशाची शिवण नीट आहे ना ते बघितलं.

"कचऱ्यात नाही टाकली," ती म्हणाली. "देवाजवळ ठेवली. त्यांच्या घरात पोरं आहेत गं. त्यांच्या जागी असते तर मीपण नसती वापरली."

"मग चाळभर वाटल्यास कशाला?"

"त्याचा पाय घरात ठरायचा का कधी? म्हटलं, तेवढेच शर्ट तरी फिरतील." मग तिनं विचारलं, "तुझी कुठाय?"

मी वासाचं सांगितलं. सिगरेटचं सोडून सगळं. 

"वास किती दिवस पुरवशील?" ती म्हणाली. "आणि सिगरेट मला ठाऊक होती."

पुढच्या रविवारी मी कपाटातून ती निळी पिशवी काढली. तोंडाला लावून पोटभर वास घेतला आणि दादरच्या भाजी बाजारात गेले. मेथी घेतली, नवलकोल घेतला, कोथिंबीर घेतली. कोथिंबिरीच्या मुळांना ओली माती होती. हात भरलेले बघून भाजीवाली म्हणाली, "ताई, सुटे खिशात टाकू?" मी मान हलवली. तिनं दोन बोटांनी खिसा उघडून नाणी आत सोडली, आणि त्याला कुणीतरी खूप दिवसांनी हात लावला असं मला वाटलं. तिथून चालत, पिशवी हातात सगळ्यांना दिसेल अशी धरून, मी भोईवाड्यात गेले.

आई गॅलरीत होतीच. तिला मी कोपऱ्यावरून दिसले असणार, कारण ती उभी राहिली होती. वर गेल्यावर तिनं भाजी परातीत ओतली, नाणी बाजूला काढली आणि पिशवीला लागलेला चिखल बघितला. कितीतरी महिन्यांनी तिचा चेहरा जरा सैल झाला होता. मग ती मोरीत बसली. मी नको म्हणायच्या आत तिनं नळ सोडला, साबण लावला आणि दोन्ही हातांनी ती चोळायला लागली. लहानपणी आमचे शाळेचे शर्ट चोळायची तशीच.

गॅलरीतल्या दोरीवर तिनं ती खिसा बाहेर करून वाळत घातली. दुपारी जेवणं झाल्यावर मी ती काढायला गेले आणि नाकाशी धरली. साबणाचा वास आला. मी पिशवी उलटी करून पुन्हा बघितलं, खिशात नाक घातलं. शाईचा डाग होता तिथंच, पण वास फक्त साबणाचा.

आतून आई विचारत होती, पुढच्या रविवारी काय आणशील.