भोंग्यावर निवडलेली गिटार

त्या लाल गिटारीची पेटी उघडली की थिनर, सरस आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास एकदमच यायचा. नव्या वस्तूला वास असतो हे मला मान्य आहे. पण तो काही दिवसांत जातो. हा गेला नाही, उलट उन्हात वाढायचा, आणि जेवणाच्या आधी ती हातात घेतली असेल तर घासाबरोबर तोंडात यायचा.

गोंदियाजवळच्या एका राईस मिलमध्ये मी धानाची प्रत तपासण्याचं काम करत होतो. ओल किती, तुकडा किती, पोचट दाणा किती, हे दिवसभर पाहायचं आणि आकडा सांगायचा. दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत, लग्नसराईत आणि मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांच्या, दिवसांत मी गावाकडच्या एका ऑर्केस्ट्रा पार्टीत बेस गिटार वाजवत असे. बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. ती गाणं सांगत नाही, गाण्याखालची जमीन धरते. ढोलकीचा ठोका आणि गाणाऱ्याचा सूर यांना एकत्र बांधणारी ती दोरी आहे. आमच्या भागात ती कोणी नीट ऐकलेली नव्हती. ऑर्गनवाल्याला लोक ओळखत, गाणाऱ्या बाईंना ओळखत, मला मात्र ‘तो मागचा गिटारवाला’ म्हणत. त्याचं मला वाईट वाटत नव्हतं. माझी इच्छा एकच होती, की एकदा तरी आपल्या गावांत बेस बेससारखा ऐकू यावा.

तशी संधी आली असं मला वाटलं. पार्टीची जुनी गिटार मिनी ट्रकमधून पडली आणि तिची मान मोडली. नवी घ्यावी लागणार होती. पार्टीचे मालक स्वतः ऑर्गन वाजवत आणि त्यांचा मांडव-डेकोरेशनचा धंदाही होता. खुर्च्या, कनाती, जनरेटर, भोंगे, सगळं त्यांच्याच गोदामातलं. मी त्यांना भाऊ म्हणायचो. ते मला म्हणाले, “तूच पसंत कर गा. वाजवाचं तुलेच हाय.”

मी गोंदियाच्या वाद्यांच्या दुकानात गेलो. तिथे दोन बेस होत्या. एक तपकिरी, जुनी. रेल्वेतले कोणी गृहस्थ बदली झाल्यावर विकायला ठेवून गेले होते. दुसरी नवी, लालभडक, काचेसारखी चकाकणारी, तिला पाच बटणं.

दुकानदार म्हणाला, “भाईसाब, ये देखो, इम्पोर्टेड फिनिश है. वो तो बुढ्ढी हो गयी.”

मी म्हटलं, “म्हातारी आहे, पण दात शाबूत दिसतात.”

मी दोन्ही नीट तपासल्या. तपकिरीची दांडी सरळ होती. पडदे म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या; बाराव्या पडद्यापाशी तारेची उंची अडीच मिलिमीटर. लालची पाच, म्हणजे दुप्पट, तार दाबताना बोटं कळवळायची. पडद्यांची टोकं घासलेलीच नव्हती. दांडीवरून हात फिरवला तर तळहाताला बारीक ओरखडे आले. दांडी आणि धड जिथे जुळतात तिथे तपकिरीत कागद शिरत नव्हता, लालमध्ये व्हिजिटिंग कार्ड दुमडून बसत होतं. चार स्क्रूंपैकी दोन नुसते फिरत होते. मी दुकानदाराकडून पेचकस घेऊन तिचं प्लास्टिकचं झाकण उघडलं. आत प्लायवूडचे थर आणि त्यांच्या भेगांत भुश्याची लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. वरून लाल रंगाचा इतका जाड लेप की टोकाला ओघळ वाळलेला. पॉलिश मारलेला जुना तांदूळ बघून जे होतं तेच मला झालं. चमक इतकी असली की मी आधी किडे शोधतो.

मग आवाज. बाराव्या पडद्यावर तार दाबली की मोकळ्या तारेचाच सूर वरच्या सप्तकात यायला हवा. लालमध्ये तो बावीस सेंट वर यायचा. सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. ऐकणाऱ्याला आकडा कळत नाही, पण काहीतरी आंबलंय हे कळतं. पाचव्या-सहाव्या पडद्यावर तर सूर उमटायच्या आधीच मरायचा आणि तार पडद्यावर आपटून खडखडायची.

तपकिरी मी दुकानातल्या मोठ्या स्पीकर बॉक्सला जोडली आणि जाड तार मोकळी सोडली. आधी काही ऐकू आलं नाही. मग पायाखालची फरशी बोलली. काचेच्या कपाटातल्या बासऱ्या थरथरल्या. सूर गोल होता, भरलेला होता आणि मी हात ठेवून थांबवेपर्यंत राहिला. या सगळ्या प्रकरणातला हाच एक क्षण चांगला होता.

मी भाऊंना तपकिरी सांगितली. त्यांनी दोन्ही गिटारी तपासायला म्हणून गावात आणल्या. आमच्याकडे बैलजोडी असो की पंप, चौघांनी पाहिल्याशिवाय वस्तू ठेवत नाहीत. पण भाऊ आधी आमच्या मिलमध्येच आले आणि दोन्ही गिटारी एकेक करून पोत्यांच्या काट्यावर ठेवल्या. तपकिरी चार किलो शंभर ग्रॅम, लाल पाच किलो तीनशे.

“हे पाय,” आकड्याकडे बोट दाखवत भाऊ म्हणाले. “भरलेला दाना जड राहते. तू तर रोज सांगतं.”

“ओला दाना भी जड राहते, भाऊ. ते भी मी रोजच सांगतो.”

काट्यावरचे दोन हमाल हसले. भाऊ हसले नाहीत.

“गिटारीत कायचं पानी?”

“पाणी नाही, लांबी आहे. प्लायवूड आहे.”

“प्लायवूड सडत नाई,” त्यांनी निकाल दिला. “माह्या गोदामाचे दरवाजे प्लायवूडचेच हायेत.”

दरवाजा सुरात लावावा लागत नाही, हे मी त्यांना सांगितलं. ऐकलं कोणी नाही.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी बोडीच्या पाळीवर झाली. बोडी म्हणजे शेतांना पाणी देणारं छोटं तळं, पाळ म्हणजे त्याचा बांध. भाऊंनी बांबूला भोंगा बांधला होता, तोच कीर्तनाचा, निवडणुकीचा आणि लग्नाचा. मी म्हटलं, भाऊ, बेस भोंग्यात येत नाही. जाड तारेचा सूर सेकंदाला साधारण एक्केचाळीस कंपनांचा, आणि हा लोखंडी भोंगा तीनशेच्या खाली जवळजवळ मुका. गोदामातला मोठा बॉक्स काढा.

“त्याच्या स्पीकरचा पडदा फाटला हाय. अन् त्याच्यात उंदरानं पिल्लं घातले.”

“मग नवा पडदा लावू.”

“गावाले बॉक्स नाई पायजे गा. भोंगा पायजे. दोन कोसावरून ऐकू आलं त लोक येतेत.”

मी तपकिरी जोडली. जी तार दुकानात फरशी हलवत होती, ती भोंग्यातून डास गुणगुणल्यासारखी आली. पाळीवर पंधरावीस लोक जमले होते. एक म्हातारबा काठीवर हनुवटी ठेवून म्हणाले, “हे त मुकी हाय बापा.”

मग लाल. तिच्यात सूर नव्हताच. जे होतं ते पडद्यावर आपटणाऱ्या तारेची खडखड, आणि खडखड भोंग्याला फार आवडते. टणण, टणण करत ती बोडीच्या पलीकडे गेली. तिकडे बांधावर गवत कापणाऱ्या बायकांनी मान वर करून पाहिलं.

“आता कसा आवाज निंगला!” म्हातारबा म्हणाले.

“तो आवाज नाही, बाबा. तो बिघाड आहे.”

“मंग बिघाडच घ्या,” मागून कोणी तरी म्हणालं आणि सगळी पाळ हसली.

तर बिघाडच घेतला. तपकिरी दुकानात परत गेली. तिची दांडी किती सरळ, तिचा जोड किती घट्ट, तिचं लाकूड किती वाळलेलं, हे सगळं मी एका कागदी कपाचा चहा संपेपर्यंत परत सांगून पाहिलं. भाऊ म्हणाले, “तू हुशार हायेस, पन तू खेड्याले वाजवून राहिला, रेडिओले नाई.” एवढं बोलून त्यांनी लाल गिटारीवर फडकं मारलं. फडकं लाल झालं.

तो रंग मग माझ्याही अंगावर आला. घाम लागला की तो सुटायचा. पार्टीचा पोशाख पांढरा सदरा होता. दोन कार्यक्रमांत माझ्या पोटावर गिटारीच्या आकाराचा गुलाबी डाग पडला. बायको सदरा धुवायला घेताना म्हणाली, “तुमी गिटार वाजवता का होळी खेलता?” तिने दोनदा साबण लावला, सोडा लावला, मग तो सदरा पोछ्याला काढला. पोछाही पहिल्या पाण्याला गुलाबी निघाला. भाऊंनी पार्टीचा दुसरा सदरा दिला.

बाकीचं मी सांगितलं होतं तसंच होत गेलं, आणि सांगितलं होतं म्हणून समाधान वाटावं तर तेही वाटलं नाही. इटियाडोह धरणाच्या कालव्याकडच्या गावांत ओल असते. तिथे दोन-तीन कार्यक्रम झाले आणि दांडी धनुष्यासारखी वाकली. तारांची उंची पाचाची सात झाली. तारा गंजल्या, बोटांना काळा गंज लागायचा. तारा ताणायच्या खुंट्यांचे दाते घासले. तार सुरात आणून हात काढला की ती आपली आपणच सैल व्हायची, एखाद्या कामचोर माणसासारखी. एक अख्खं गाणं मी अर्धा सूर खाली वाजवलं. गाणाऱ्या बाईंना कळलं नाही, ढोलकीवाल्याला कळलं नाही. खाली उतरल्यावर भाऊ म्हणाले, “आज बेस मस्त टनटन वाजला.”

शेवटचा कार्यक्रम आमगावला होता, एका लग्नाचं दुपारचं रिसेप्शन. आमच्याकडे पार्टी ठरवताना किती गाणी यापेक्षा किती कलाकार हे आधी ठरतं. मांडवात पार्टी उभी राहिली की घरचा कोणी तरी समोर येतो आणि बोट दाखवत माणसं मोजतो. त्या दिवशी नऊ ठरले होते.

मी मंचामागे गिटार सुरात लावायला बसलो. जाड तारेची खुंटी फिरवली, ती नुसतीच फिरली. दुसरी फिरवली, तिचा दाता हातात आला. पितळी म्हणून लावलेला तो तुकडा रंगवलेल्या पत्र्याचा होता. मी भाऊंकडे गेलो आणि तो तुकडा त्यांच्या ऑर्गनवर ठेवला.

“भाऊ, ही आता लागत नाही. मी वाजवू शकत नाही.”

ते ऑर्गनची वायर बसवत होते. वर न पाहता म्हणाले, “मंग नको वाजवू.”

“म्हणजे?”

“वायर काढून ठेव. गळ्यात घाल अन् उभा राय. हात हालव जरासा.”

“काऊन?”

“काऊन काय काऊन! नऊ सांगितले हाय. पावने मोजाले येऊन राहिले.”

“अन् बेस?”

आता त्यांनी वर पाहिलं. रागावले नव्हते. मला समजावून सांगत होते. “तुहा बेस कोनाले ऐकू येते गा? लाल गिटार मंचावर दिसते, म्हनून पार्टी भरलेली दिसते. आवाज मी डाव्या हातानं ऑर्गनवर काढून राहिलो ना.”

इतके दिवस माझ्या सुराखाली त्यांचा डावा हात वाजत होता, आणि तोही भोंग्यातून. लाकूड, जोड, पडदे, सेंट, हे सगळं मी ज्या वस्तूसाठी मोजलं ती वाजवायची नव्हतीच. ती कनातीसारखी उभी करायची होती. काटा, बोडीची पाळ, म्हातारबा, सगळ्यांनी आपल्या जागी बरोबर निवड केली होती. दिसायला लालच चांगली होती.

मी पट्टा गळ्यातून काढला आणि गिटार खुर्चीवर ठेवली.

“पाय, रुसू नको,” भाऊ म्हणाले.

“रुसलो नाही. किळस आली.”

तेवढ्यात घरचे एक गृहस्थ पान चघळत मंचाकडे आले. भाऊंनी इकडेतिकडे पाहिलं आणि गाडीच्या चालकाला हाक मारली. तो पुलाव खात होता. त्याने पँटला हात पुसले, लाल गिटार उलटी अडकवली, दांडी उजवीकडे, आणि रांगेत उभा राहिला. गृहस्थांनी बोट दाखवत मोजलं. नऊ भरले. ते समाधानाने निघाले आणि जाता जाता चालकाकडे पाहून म्हणाले, “गिटार एक नंबर हाय!”

पहिलं गाणं मी खाली उभं राहून ऐकलं. चालक छान डुलत होता. तो भूमिका माझ्यापेक्षा चांगली करत होता, हे लिहायला मला लाज वाटत नाही, कारण मी भूमिका करायला गेलोच नव्हतो. गाण्यात काहीही कमी पडलं नाही. मी कान देऊन ऐकलं. काहीही नाही.

गाणं संपल्यावर भाऊ मंचाच्या कडेला आले, वाकले आणि हळूच म्हणाले, “परवा दवनीवाड्याच्या कार्यक्रमाले येशीन ना?”

“नाही येत. तुमच्याकडे माणूस आहे की.”

“अरे पन तो चालक हाय!” त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवसातली पहिली खरी काळजी दिसली. “तो गिटारीवर उभा राहिला तं गाडीजवळ कोन राहीन? सामान कोन पाहीन?”

मी पांढरा सदरा काढून, घडी घालून त्यांच्या ऑर्गनजवळ ठेवला, पिशवीतला माझा घरचा सदरा घातला आणि आमगावच्या स्टेशनकडे चालू लागलो. मागून दुसरं गाणं सुरू झालं. भोंगा स्टेशनपर्यंत स्वच्छ ऐकू येत होता.