ग्वादरचा न झालेला कौल

ओमानात, हमरियात दिश्दाशा म्हणजे ओमानी पायघोळ झगे शिवणाऱ्या बाबामियाँनी त्या दिवशी मला स्टुलावर बसूही दिलं नाही.

"दयाभाई, मेरे बाप के बारे में ये झूठ किसने लिखा?"

मीच लिहिलं होतं. आमच्या मराठी मंडळाने रुवीतल्या एका हॉलमध्ये ओमानी शेजाऱ्यांची ओळख करून देणारं प्रदर्शन भरवलं होतं. चाळीस वर्षं माझ्या पँटी आखूड करून देणाऱ्या या बलुची माणसावर मी दहा ओळी लिहून दिल्या. मंडळातल्या सावनीने त्यांचं इंग्रजी केलं आणि दोन्ही मजकूर बाबामियाँच्या फोटोखाली छापले. त्यात त्यांच्या जन्मगावाबद्दल, तेव्हा ओमानच्या सुलतानाकडे असलेल्या ग्वादर बंदराबद्दल, एक वाक्य होतं : 'अठ्ठावन्न साली ग्वादरच्या लोकांनी पाकिस्तानात जाण्याचा कौल दिला.'

मला असं कोणी सांगितलं नव्हतं. मी बांद्याचा. सदुसष्ट साली आमच्या पलीकडे गोव्यात, महाराष्ट्रात जायचं की नाही यावर मतदान झालं. फूल आणि दोन पानं या निशाण्यांवरून आमच्याकडेही सोयरेधायरे भांडले. मुलूख या घरातून त्या घरात जाताना लोकांना विचारतात, हे मी धरूनच चाललो. बाबामियाँना विचारायचं सुचलंसुद्धा नाही.

त्यांची नात नूरैन कॉलेजात जाते. तिने फलक वाचला आणि घरी विचारलं, पणजोबांनी स्वतःच मत देऊन गाव दिलं, तर मग बोटीत बसून इथे कशाला आले?

"मैं बारह साल का था," बाबामियाँ कात्री आपटून म्हणाले. "अब्बा मछली पकड़ने गए थे. तीसरे दिन लौटे तो झंडा दूसरा. सुलतान ने बेच दिया, उन्होंने ख़रीद लिया. किसीने पूछा नहीं. अब्बा ने किनारे पर सबको गाली दी, तो लोग हँसे. तीन साल बाद मुझे लेकर इधर ओमान में, मतरा आ गए. मरते दम तक वही ग़ुस्सा. और तुमने लिखा, वोट दिया!"

मी तसाच मंडळाच्या सेक्रेटरीकडे गेलो आणि सगळं सांगितलं. अंबरीश माझ्या मुलाच्या वयाचा.

"काका, एका ओळीसाठी फलक उतरवू? उद्या पाहुणे येतायत. वाचतंय कोण?"

"त्यांच्या नातीने वाचलं."

"मग तिला समजावा ना. आणि 'सुलतानाने विकलं' वगैरे नको हां काका. आपण इथे नोकरी करायला आलोय. 'कौल दिला' कसं पॉझिटिव्ह वाटतं."

"पण ते खोटं आहे!" मी ओरडलो. मंडळात माझा आवाज कोणी ऐकलेला नाही. चहा गाळणारी विद्यासुद्धा थांबली. "फलक उतरव, नाहीतर माझं नाव खोड."

"बरं, नाव खोडतो. खलास?"

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी माझ्या नावावर पांढरी पट्टी होती. वाक्य जागच्या जागी होतं. त्याखाली आता कोणीच लिहिणारा नव्हता, म्हणजे ते सगळ्यांचंच झालं. पाहुण्यांनी त्यासमोर फोटोही काढून घेतला.

मी हमरियात परत गेलो आणि बाबामियाँना म्हटलं, नूरैनला बोलवा. ती आली. मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, "बेटी, ग्वादर में वोट नहीं हुआ. वो लाइन मैंने लिखी, बिना पूछे. तेरे परदादा को किसीने पूछा नहीं, और मैंने भी तेरे दादा को नहीं पूछा. मंडळवाले निकाल नहीं रहे, इसलिए खुद बोलने आया."

ती आजोबांकडे वळली.

"पूछा होता, तो परदादा क्या बोलते? ओमान या पाकिस्तान?"

मला वाटलं, बाबामियाँ ताडकन 'ओमान' म्हणतील. साठ वर्षांहून जास्त इथे काढलेला माणूस.

"मुझे क्या मालूम!" ते खेकसले. "उनको भी नहीं मालूम था. आदमी से पूछो, तब तो वो सोचने बैठता है. उनको बैठने ही नहीं दिया."

नूरैनने मान खाली घातली. मग हळूच त्यांच्या हातातलं कापड घेतलं आणि म्हणाली, "अच्छा, उनकी कश्ती का नाम क्या था?"

बाबामियाँनी पायाने स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि सांगायला लागले.