दोन ठोके, मग एक

माझी नोकरी वर्तमानपत्रात, बातम्या तपासण्याची. दोघांनी दुजोरा दिल्याशिवाय ओळ पुढे सोडत नाही. भुताखेतांची तर कधीच सोडली नाही. तरी हे लिहितोय...

बाबा रेल्वेच्या ओव्हरहेड वायरवर लाइनमन होते. पंधराशे व्होल्टच्या डीसीपासून पंचवीस हजारांच्या एसीपर्यंत सगळं त्यांनी पाहिलं. काम संपलं की वीज परत सोडण्याआधी ते पान्याने रुळावर ठोके द्यायचे — दोन, जरा थांबून एक. खांबावर कोणी उरलाच असेल, तर त्याने ओ द्यायची. ही फक्त त्यांच्या गँगची पद्धत. गिरीज गावातल्या आमच्या वाडीतही तेच. जेवणाच्या वेळी विहिरीच्या पाइपवर बाबांचे ठोके. "वर कोन?" मी आणि धाकटा भाऊ सुनील जांभळाच्या झाडावर. दोघांनी ओ दिल्याशिवाय आई ताटं वाढायची नाही.

बाबांना जाऊन चार वर्षं झाली. सुनील आता तेच काम करतो.

फेब्रुवारीतला रविवार, दुपारचे पावणेदोन, विरारच्या पुढे. या कामावर लेख करायचा म्हणून मी परवानगी घेऊन गेलो होतो. वीज बंद ठेवण्याची वेळ संपत आली होती. काम चालू असताना धोका नको म्हणून तारेला लावलेले अर्थिंगचे रॉड काढून झाले होते. "लाइन मोकळी" असं कळवायला सुपरवायझरने फोन कानाला लावला. सुनील विसरलेला पाना आणायला परत खांबावर चढलाय, हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. माझ्याही.

तेवढ्यात रुळावर ठोके. दोन... मग एक.

"ओ! हाय मी वर!"

सुपरवायझरने फोन खाली घेतला. "उतर आधी! पान्यासाठी जीव देतोस काय?"

सुनील उतरला. "दादा, बरं झालं वाजवलंस."

मी वाजवलं नव्हतं. माझ्या हातात वही आणि पेन होतं. तिथल्या सातही जणांना वेगवेगळं गाठून विचारलं. ठोके सगळ्यांनी ऐकले, दिले कोणीच नाहीत. हत्यारं पेटीत होती, उरलेला एक पाना सुनीलकडे, वर. उन्हाने रूळ वाजतात, असं एकजण म्हणाला. तेही लिहून घेतलं.

संध्याकाळी आईला सांगितलं. ती वालाच्या शेंगा सोलत होती. कोणी वाजवलं, हे तिने विचारलंच नाही.

"त्याने ओ दिली. तू दिलीस काय?"

मला आठवत नव्हतं. सुपरवायझरला फोन केला. तो म्हणाला, "आवाज दोन आले, साहेब. एक खांबावरून, एक तुमचा."

ठोक्यांचं स्पष्टीकरण अजून सापडलेलं नाही. आईला एवढंच सांगितलं — दिली.

मग तिने ताटं वाढली.