पश्चिमेला समुद्राचा काठ

हातकणंगले मागं टाकून आम्ही कुंभोजच्या रस्त्याला लागलो, तेव्हा शालूअक्का तिसऱ्यांदा थांबल्या आणि त्यांनी पिशवीतून तो चौकटीचा कागद परत बाहेर काढला. दरवर्षी माघात आम्ही दोघी कसबा बावड्यातून बाहुबलीच्या डोंगराला चालत जातो. पहाटे निघायचं, वाटेत णमोकार मंत्र म्हणत राहायचं आणि दुपारी पायथ्याशी पोचायचं, असा आमचा नेम. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार तीन साली, आमचा णमोकार शिरोलीच्या पुढं गेलाच नाही. तिथून पुढं सगळं अक्कांच्या घरच्या बेटावरच्या सहलीचंच चाललं होतं.

कागदावर ट्रॅक्स गाडी काढली होती आणि कोण कुठं बसणार ते लिहिलं होतं. ते पाहून मला नवल वाटलं नाही. शालूअक्का मगदूम मूळच्या कुरुंदवाडच्या, लग्न होऊन बावड्यात आल्या आणि आमच्या शेजारी राहू लागल्या. बायकांच्या यात्रा काढाव्यात त्या त्यांनीच. श्रवणबेळगोळ म्हणू नका, धर्मस्थळ म्हणू नका, गाडी भरली की अक्का दारात उभ्या राहून जागा वाटायच्या. जिला गाडी लागते तिला खिडकी. ज्या दोघींचं पटत नाही, त्यांच्या मधोमध कमी ऐकू येणारी तानाबाई. स्टोव्ह, कणीक, पाणी गाळायचं फडकं, सगळं बरोबर. अकरा यात्रा झाल्या, पण एकदाही कुणी उपाशी राहिलं नाही की कुणाचं भांडण पेटलं नाही.

पण त्या सगळ्या देवाच्या वाटा. त्यांची सून दीपा जयसिंगपूरची, अगदी गरीब स्वभावाची. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी तिनं देवळाशिवाय काही पाहिलं नव्हतं. एक दिवस चपात्या लाटता लाटता ती मान वर न करता म्हणाली, "आत्या, एकदा अशा ठिकाणी जाऊ या, जिथं चप्पल काढायला लागत नाही."

अक्कांना ते लागलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला, पारसला, कामाला लावलं. त्यानं कुठूनसं एक रंगीत पत्रक आणलं. कारवारच्या पुढं समुद्रात एक बेट, बेटावर नव्यानं निघालेलं रिसॉर्ट, आणि तिथं जायला धक्क्यावरून वीस मिनिटांची लाँच. मे महिन्यात नातवंडांना सुट्टी लागली की घरच्यांनी मिळून तीन दिवस जायचं ठरलं.

पुढचं सगळं अक्कांनी हातात घेतलं. एसटीडी बूथवर जाऊन त्या रिसॉर्टच्या मॅनेजरशी कुरुंदवाडच्या कन्नडमध्ये बोलायच्या. पहिला प्रश्न, बेटावर विहीर आहे का. आम्हा जैनांत पाणी गाळलं की फडक्यातले जीव परत त्याच विहिरीत सोडतात. मॅनेजरला वाटलं, बाई आरोग्य खात्यातल्या. तो घाबरून म्हणाला, आमच्या पाण्यात एकही किडा नाही. अक्कांनी त्याला समजावलं की किड्यांबद्दल त्यांची तक्रार नाही, त्यांना परत कुठं सोडायचं तेवढं सांगा. तेव्हा त्यानं मुकाट्यानं विहीर कुठं आहे ते सांगितलं म्हणे. मग जेवणाचं निघालं. तो म्हणाला रात्री आठला, अक्का म्हणाल्या दिवस बुडायच्या आत. चार फोन झाले आणि साडेपाचवर तोड निघाली.

घरात एकच अडचण होती, ती म्हणजे अक्कांचे मालक गोमटेशअण्णा. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर सारा जन्म काढलेला हा माणूस, उसाच्या गाडीइतकाच जागचा हलायला नाखूश. समुद्र काय बघायचा, रंकाळा जरा मोठा धरून बघितला की झालं, असं त्यांचं म्हणणं. शेवटी त्यांनी अट घातली. "तू येत असशील तर येतो. तू न्हाईस, तर गाडी दारातनं हलायची न्हाई." तेव्हापासून ते रोज सकाळी अक्कांना, तब्येत कशी आहे, असं मोठ्या आशेनं विचारत होते.

तर अक्का मला कागद वाचून दाखवत होत्या. धक्क्यावर सामान कुणी उचलायचं, लाँचमध्ये दीपाला कुठली कड द्यायची, आणि मग, "तिथनं सरळ पश्चिमेला, वीस मिनिटं."

पश्चिमेला म्हटल्यावर मला एक जुनी गोष्ट आठवली.

त्याच्या दहा वर्षं आधी आमच्याकडं एका मुनिमहाराजांचा चातुर्मास झाला होता. प्रवचन संपलं की लोक उठून काहीबाही सोडायचे. मी बटाटा सोडला, आणि वड्याच्या वासानं पुढं वर्षभर माझे हाल झाले. अक्कांनाही काहीतरी घ्यायचं होतं, पण चहा सुटण्यातला नव्हता. पूर्वी एकदा दोन दिवस सोडला होता, तेव्हा अण्णा जेवायला भावाकडं जात होते. एक दिवस महाराजांनी दिग्व्रत समजावून सांगितलं. कुठल्या दिशेला कुठवर जायचं ती हद्द जन्मभरासाठी बांधून घ्यायची, आणि त्यापुढं पाऊल टाकायचं नाही. अक्का ताडकन उभ्या राहिल्या. हात जोडून म्हणाल्या, पूर्वेला शिखरजीचा डोंगर, उत्तरेला हस्तिनापूर, दक्षिणेला कन्याकुमारी, पश्चिमेला समुद्राचा काठ. वरची हद्द शिखरजीचा माथा आणि खालची आमच्या विहिरीचा तळ. घरी येताना मला म्हणाल्या, चंदने, बघ, व्रत बी झालं आन् चहा बी वाचला.

त्या दिवशी त्यांच्या शेजारी मीच होते, आणि पश्चिमेची ती हद्द आता त्यांच्या ध्यानातून पार गेली होती.

अर्धा मैल मी मनाशी तोलत चालले. बोलावं तर अक्का अडणार, अक्का अडल्या की अण्णा अडणार, आणि दीपाचं बेट जाणार. न बोलावं तर मला ठाऊक असूनही त्यांचं व्रत मोडणार. शेवटी एकदा णमोकार म्हटला आणि सांगून टाकलं.

अक्का मैलाच्या दगडावर बसल्या. "समुद्रात मी काय मासं धराय जाणार हाय, असं तवा म्हटलोतो की मी," एवढंच बोलल्या.

मग त्यांचं डोकं चालू लागलं. शिखरजी तिकडं पूर्वेला किती लांब, तेवढी हद्द काही वापरात नाही. त्यातली दोन कोस काढून इकडं पश्चिमेला जोडली तर? मी म्हटलं, अक्का, एका दिशेची हद्द दुसरीला जोडणं हाच दोष म्हणून पाठशाळेत शिकवलाय. आणि विसरणं, असं त्यांनी विचारलं. तोही दोषच, मी म्हटलं. म्हणजे बसल्या जागी दोन झाले, असं म्हणून त्या उठल्या.

थोडं पुढं गेल्यावर त्यांना ओहोटी आठवली. पाणी मागं हटलं की काठ पुढं जाणारच. मी म्हटलं, वीस मिनिटांच्या लाँचइतका काठ पुढं गेला, तर मॅनेजर लाँच ठेवेल कशाला? तेही त्यांना पटलं. मग मीच सुचवलं, डोंगरावर कुणी महाराज असतील, त्यांना विचारून बघू. काही वाट निघेल.

अक्का थांबल्या. "दहा वर्षं फुकट पाळलं, चंदने. आज पहिल्यांदा ते जड झालंय. आन् आजच खाली ठेवू व्हय?"

पायथा आला. खाली हातपाय धुतले, वर जाऊन दर्शन घेतलं. बाहुबली भगवान नेहमीसारखे उभे होते, पायांवर वेली चढल्या तरी न हललेले. अक्का त्यांच्याकडं बराच वेळ बघत राहिल्या. खाली आल्यावर सावलीत बसून त्यांनी कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला धक्का, लाँच आणि बेट काढलं. धक्क्यावर एक फुली मारली आणि म्हणाल्या, "ही मी."

बेत असा होता. धक्क्यापर्यंत सगळ्यांबरोबर जायचं. सामान आधी चढवायचं, मग पोरं, मग दीपा आणि पारस, आणि अण्णांना सगळ्यात आत बसवायचं. लाँच सुटली की काठावरून ओरडून सांगायचं की माझी हद्द इथवरच. धक्क्याजवळ एक खोली मिळते, तिथं तीन दिवस राहायचं. अण्णा काही पोहत माघारी येणार नाहीत.

हे खोटं बोलणं झालं की अक्का, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, खोटं कुठं बोलतोय, जरा उशिरा बोलतोय. उद्या सांगितलं तर अण्णा गादीवरनं उठायचे नाहीत, आणि ती पोरगी आयुष्यभर चपला काढतच राहील.

मग त्यांनी लाँचमधल्या एका रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं. ती त्यांची जागा होती. पाणी कोण गाळणार, साडेपाचला सगळ्यांना पानावर कोण बसवणार? त्यांचा रोख माझ्या लक्षात आला. मला पाण्याची भारी भीती. रंकाळ्यात होडीत बसले तरी मी डोळे गच्च मिटून घेते, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. तसं मी म्हटलंसुद्धा.

अक्कांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली आणि माझी मूठ बंद केली.

"माझ्या जागी तू जा, चंदने. सगळ्यांची जेवणं झाली की काठावर येऊन सामानातलं माझं हिरवं लुगडं हलव, मी हिकडनं बघतो. पर लाँचमध्ये डोळं मिटू नगंस. परत आल्यावर समुद्र कसा हाय, ते मला सगळं सांगायचं हाय तू."