उतारावरची कुंदाताई

कुंदाताईला कुणी 'सांभाळून' म्हटलं की ती जागच्या जागी थांबायची. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, कमरेवर भरलेली कळशी असली तरी थांबायची आणि विचारायची, "काय सांभाळू? डावीकडे बादली आहे की उजवीकडे पोर झोपलंय, ते सांगा." म्हणणारी बाई गडबडायची. बादलीबिदली काही नसायची हो! आंधळं माणूस समोरून आलं की तो शब्द तोंडातून आपोआप गळतो, एवढंच. "दिशा सांगा, काळजी सांगू नका," असं ऐकवून ही पुढे. तिची मालवणी आई दारातून ओरडायची, "गो बाय, माणसांका असा तोडून बोलू नये!"

गोवराच्या तापात तिचे डोळे गेले तेव्हा ती चार वर्षांची होती. आमच्या शेजारच्याच खोलीत राहायची, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. परळच्या एका इस्पितळात, एक्स-रेच्या काळोख्या खोलीत फिल्म धुवायचं काम करायची. डॉक्टरमंडळी तिथे शिरली की टेबलाच्या कोपऱ्यावर आपटायची आणि ही त्यांना हाताला धरून बाहेर आणून सोडायची. "तिथे मी एकटीच डोळस," म्हणायची. पुढे कॉम्प्युटर आले, फिल्म गेल्या आणि तिला केसपेपरच्या खिडकीमागे बसवलं. तेव्हापासून ती जरा मिटल्यासारखी झाली होती.

तशात तिच्या जुन्या अंधशाळेतल्या बाईंनी बातमी आणली. हिमाचलात शिबिर आहे, अपंग बायकांना बर्फावर स्की शिकवणार आहेत, मात्र सोबत घरचं माणूस हवं. तिच्या म्हाताऱ्या आईला जिना उतरवत नव्हता. म्हणून गेले मी, शुभांगी, इन्शुरन्सच्या ऑफिसात खुर्चीला चिकटलेली. बर्फ मी तोवर मासळीवरच पाहिलेला!

जीपमधून उतरल्यावर तिने सवयीने टाळी वाजवली. मुंबईत ती टाळीवरच चालायची. कुठल्याही गल्लीत आवाज भिंतीला लागून परत येतो, त्यावरून वाट तिला कळायची. इथे आवाज गेला तो गेलाच, बर्फाने पिऊन टाकला. तिने पुन्हा टाळी वाजवली, मग पुन्हा. "शुभे," ती हळूच म्हणाली, "इथे भिंतच नाही गं." दहा बाय बाराच्या खोलीत जन्म काढलेली बाई तोंड वर करून कितीतरी वेळ तशीच उभी होती. ढग खाली उतरले होते. उतार कुठे संपतो आणि आभाळ कुठे लागतं, ते मलाही दिसत नव्हतं. मला ती जागा अजून स्वप्नात दिसते.

तिथे तिला एकच वेड लागलं. वरून खालपर्यंत, झेंड्यांमधून, एकदा तरी न थांबता यायचं. अंध बाईच्या पुढे एक डोळस स्कीवाली असते आणि हेल्मेटमधल्या माइकवरून मागचीला वळणं सांगत जाते. हात धरायचा नाही, शिवायचंही नाही, फक्त आवाज. "तो आवाज तुझाच हवा," ताई म्हणाली. मग काय, मीही स्की शिकले. पहिल्या हिवाळ्यात तिच्यापेक्षा मीच जास्त आपटले.

उरलेलं वर्ष आम्ही कॉटन ग्रीनला जायचो. रविवारी सकाळी गोदामांचे रस्ते मोकळे असतात. पायांत चाकांचे बूट, पुढे मी, मागे ती. "डावं... डावं... सरळ... उजवं." एक वॉचमन दर वेळी खुर्ची वळवून बसायचा. एकदा त्याने मला विचारलं, "मॅडम, ती बाई तुमच्यावर रागावलीय काय? सारखी मागे लागलेली असते." ताई हसून हसून खाली बसली.

असे तीन हिवाळे गेले आणि शर्यत आली. पाच बायका होत्या. एक एकाच पायावर उभी, दोघी बसूनच घसरणाऱ्या, दोघी अंध. पूर्ण अंधांनीही आरपार काही न दिसणारा काळा चष्मा लावायचा असा नियम, उगाच कुणाला शंका नको म्हणून. "बघ," ताई म्हणाली, "आंधळीकडेही आंधळेपणाचा दाखला मागतातच."

निघालो. अर्ध्यापर्यंत असं झालं की मी बोलतेय आणि तिचे पाय माझ्या शब्दांवर वळतायत, माझ्याच अंगाचा दुसरा भाग असल्यासारखे. शेवटच्या झेंड्यांच्या आधी मात्र उतार एकदम खाली कोसळतो. मी मान वळवून पाहिलं. ती भन्नाट वेगाने येत होती. तोंडातून निघून गेलं, "ताई, सांभाळून!"

ती थांबली. स्की आडव्या घालून, चाळीत थांबायची तशीच, जागच्या जागी. झेंडा चुकला, शर्यतीतून बाद.

मला वाटलं, आता माझी खैर नाही. पण ती चिडली नाही, तेच वाईट. संध्याकाळी चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून म्हणाली, "शुभे, पुढच्या वर्षी मला दुसरं कुणीतरी लागेल."

"एका शब्दासाठी?" मी उसळले. "तीन वर्षं माझी हाडं मोडली ती काय उगाच?"

"तुझ्या आवाजात माया आहे गं. आईच्या आवाजात आहे ना, तीच. माया कानावर पडली की माझे पाय थांबतात, त्याला मी काय करू? मला परकं माणूस हवंय."

फार लागलं मला ते. परतीच्या गाडीत बोरिवली येईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. ती बिचारी दर स्टेशनावर माझ्यासाठी चहा मागवत होती आणि मी तो थंड करत होते. खरं सांगायचं तर ती बरोबर होती, आणि राग त्याचाच होता.

पुढच्या हिवाळ्यात तिला तिथल्याच गावातली निर्मला मिळाली. आवाज असा कोरडा की जणू भाजीचे भाव वाचून दाखवतेय. जायच्या आधी ताई माझ्या खोलीत आली. "तू येऊ नकोस. तू खाली उभी आहेस एवढं नुसतं कळलं तरी माझा अर्धा कान तुझ्याकडे जाईल." मी म्हटलं, "मला काय हौस आहे थंडीत मरायची?"

आणि ऑफिसात चुलतबहिणीच्या लग्नाची थाप मारून गेले.

त्या सकाळी उतारावर ढग बसला होता. मी शेवटच्या झेंड्यापाशी, गावातल्या बायकांच्या घोळक्यात, तोंडाला मफलर गुंडाळून उभी होते. आधी निर्मला ढगातून बाहेर आली. "बाएँ. सीधा. सीधा." तिच्यामागून कुंदाताई. त्याच कोसळत्या उतारावर, त्याच वेगाने. एका क्षणी तिचा एक पाय हवेत गेला आणि माझ्या तोंडापर्यंत शब्द आला. मी हातमोजा दातांत कचकन चावला. ती सावरली. माझ्यापासून दोन हातांवरून गेली, तोंड उघडं, मोठ्याने हसत. लहानपणापासून ओळखत होते तिला, पण ते हसू मी कधी ऐकलं नव्हतं.

रेषेपलीकडे ती निर्मलाला विचारत होती, "हो गया? पूरा हो गया?" मला धावत जाऊन तिला मिठी मारायची होती. मी बसच्या वाटेला लागले. रस्ताभर रडले, अगदी हुंदके देऊन.

आता चाळ पडली. ताईची म्हातारी आईही गेली. त्याच जागेवरच्या टॉवरात आम्ही बाविसाव्या मजल्यावर राहतो. कुंदाताई नोकरी सोडून हिमाचलातच डोंगरात असते, अंध पोरींना उतारावर उभं राहायला शिकवते. दर रविवारी तिचा फोन येतो. त्या शर्यतीची गोष्ट तिने मला शंभरदा सांगितली असेल, एकेक झेंडा, एकेक वळण. परवाही सांगून झाल्यावर म्हणाली, "शुभे, एक चुटपुट लागून राहिलीय बघ. त्या दिवशी तू हवी होतीस गं."

"हो ना," मी म्हटलं, "राहूनच गेलं."