मैनामावशीच्या घरातला मधला खांब

देवाचं नाव काढलं की माझं डोकं फिरायचं. कापसानं गावंच्या गावं खचवली त्या वर्षांत मी पत्रकं लिहायचो आणि पांढरकवड्याच्या आसपास गरिबांची घरं फुकट दुरुस्त करत फिरायचो. पोलिओनं पाय गेलेल्या मैनामावशीला घरकुलाच्या अर्जासाठी ‘समक्ष हजर राहा’ म्हणणाऱ्यांवर माझा राग होता, आणि हे नुसतं बघत बसणाऱ्या देवावरही.

मावशी चाकाच्या पाटावर बसून घरभर सरकायची. मधला खांब तिच्या वाटेत यायचा, म्हणून तो काढू म्हणालो. “तो राहू दे, बाप्पा,” ती म्हणाली. “त्याच्या बुडाशी माहा देव हाय. अन् घरही त्याच्यावरच उभं हाय.” मी देवापर्यंतच ऐकलं. अंधश्रद्धा! देव कोनाड्यात ठेवला आणि दोघा मित्रांना घेऊन खांब ओढला. वाळवीनं खाल्लेलं बूड तुटलं, खांब आडवा झाला.

वरची तुळई कडाडली. आम्ही तिघांनी खांदे लावले. मावशी मागच्या कोपऱ्यात. पडलेल्या खांबानं तिचा पाट अडवलेला. एकानं जरी खांदा काढला असता तर सगळं छप्पर तिच्यावर आलं असतं. गाव शेतात गेलेलं. शेजारच्या मित्राचा खांदा घसरू लागला. मानेवर माती पडली तेव्हा मनातून निघालं, तू असशील तर हिला वाचव. माझं काय व्हायचं ते होवो.

“पानी मिलेगा क्या? गाडी गरम झाली,” दारात एक दाढीवाला मेकॅनिक, हातात रिकामा डबा. आत पाहताच ओरडला, “या अल्ला! हिलू नका!” आणि पळाला. ट्रकचा जॅक घेऊन आला. खांब होता तिथं जॅकला जागा बघताना मात्र थबकला. “अम्मा, इथं कुंकू हाय. देवाची जागा. जॅक कुठी ठेवू?”

“तेथीच ठेव, बापा. रागवाचं असतं तर तो पयले या शहाण्यावर रागावला असता!”

त्यानं तुटका खांब जॅकवर उभा केला, दांडा मारत गेला. आमच्या खांद्यांवरचा भार हळूहळू उतरला. मावशी सरकत अंगणात गेली.

नवा खांब बसेपर्यंत तो थांबला. नाव विचारायचं राहूनच गेलं. हा योगायोग होता का, यावर मी वाद घालत नाही. वादात पटाईत असूनही. माझी ताकद संपली तिथं कोणीतरी हात दिला, एवढं मला ठाऊक आहे. तो हात ज्यानं धाडला, त्याच्यापुढं रोज मान झुकवतो.